उचंत खातं

शनिवारी कोपरखैरण्याच्या कॉलेजात,
दुसऱ्या मजल्यावर, एसी बंद असलेल्या हॉलमध्ये
एक बाई आम्हांला हात मिळवायला शिकवत होत्या.
फार मऊ नको, फार घट्ट नको.
दोन सेकंद. डोळ्यांत बघा. सोडा.
अकाउंटिंग अँड फायनान्सची एकाहत्तर पोरं
एकमेकांचे हात धरून उभी,
जणू सगळ्यांचीच सासरी पाठवणी.

मग बायोडेटा. बलस्थानं या रकान्यात
जवळजवळ सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं:
तपशिलाकडे बारीक लक्ष.
बाईंनी टिक केली आणि पान उलटलं.
ब्लेझर चौघींत एक, शर्वाणीच्या बहिणीचा.
सोमवार माझा.

मधे रविवार होता, आणि एकतीस मार्च.
ज्या ऑफिसात मी आर्टिकलशिप करते तिथल्या टेंबे सरांनी
तुर्भ्याच्या मसाला मार्केटला पाठवलं, माल मोजायला.
ब्याडगी मिरची. गाळ्यात पाऊल टाकलं
आणि आधी सहा शिंका.
सर फोनवर म्हणाले, चढाचढी नको,
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, झालं.
बारा, बारा, आठ.
अकराशे बावन्न पोती. वहीतही अकराशे बावन्न.
जुळलं की कसं बरं वाटतं,
छातीतलं बटण कुणी सैल केल्यासारखं.

थप्पीला टेकून एक माथाडी बसला होता,
महिपती निकम, खांद्यावर आकडा.
तो माझ्याकडे बघत नव्हता.
तंबाखू मळत म्हणाला,
"ताई, भाकरी वरून फुगलेलीच दिसते."
एवढंच.

माझा आजा घणसोलीचा.
आमच्या घरात टक्केवारीचं गणित
पुस्तकाआधी आलं: साडेबारा टक्के.
जमीन जाणार हे ठरलेलंच होतं, तरी मोजणीच्या दिवशी
साखळीचं दुसरं टोक त्यानं स्वतःच्या हातात धरलं
आणि खाजणात गुडघाभर चिखलातून चालला.
फरक काही पडला नाही.
पण शेवटपर्यंत सांगायचा,
टोक माझ्या हातात होतं.

चढले.
सँडल खाली ठेवले, ओढणी कमरेला.
वरच्या थरात पोती होती, एकाला एक लागून.
मधल्या सहांवर पाय दिला तर फळी वाजली.
फळी उचलली. खाली विहीर.
दोन बाय तीन, खाली सात थर, कोरडी,
तळाशी गोणपाटाचा एक तुकडा आणि
कुणाची तरी बिडी.
बेचाळीस.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बोटांवर.

शेठ चांगला माणूस. थंड ताक मागवलं.
म्हणाला, ती पोती पावण्याच्या कोल्ड स्टोरेजला आहेत,
उद्या पत्र येईल, तू आकडा लिहून टाक, बेटा.
सरांना फोन केला. सर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, तू लिही तुला दिसलं ते,
पुढचं माझ्यावर. आवाज थकलेला होता,
रागावलेला की नाही, कळलं नाही.

अकराशे दहा.
हिरव्या शाईनं लिहिलं, खाली सही, वेळ,
आणि फरक बेचाळीस, समोर: पत्राची प्रतीक्षा.
पुस्तकात यालाच उचंत खातं म्हणतात.
जे जुळत नाही त्याला
जुळेपर्यंत बसायला दिलेली खुर्ची.
बाहेर पडताना निकम दिसले. मी मान हलवली.
त्यांनी दुसरीकडेच थुंकून घेतलं.

रात्रभर तळहात पेटलेले.
साबण, खोबरेल, शेवटी आईनं दह्यात बुडवून ठेवले.

सोमवारी ऐरोली. अकरावा मजला, काचा,
काचेपलीकडे खाडी आणि उभे बगळे.
ब्लेझरच्या बाह्या बोटांपर्यंत.
आत एक तरुण साहेब, हात पुढे करून.
मऊ नको, घट्ट नको. दोन सेकंद. सोडले.
"तुमच्याबद्दल सांगा."
पाठ केलेलं होतं सगळं.
मी सुरू केलं, "काल मी एका थप्पीवर चढले..."
ते ऐकत होते, की घड्याळ बघत होते.
कळवतो म्हणाले.

लिफ्टमध्ये आठवलं,
माझ्या हातांची आग अजून उतरली नव्हती,
आणि दार बंद होताना
ते चष्मा काढत होते.